खिडकीसमोरचं घर

मिल्टन कीन्सच्या त्या गल्लीत कोपऱ्यावरचं घर बरेच महिने रिकामं होतं. कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, कमी भाड्याचं घर. पुढे छोटीशी हिरवळ, मागून रेडवे, म्हणजे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी केलेली ती तांबडी वाट. समोरच्या घरातल्या धम्मशीला तायडेंनी ते घर मनातल्या मनात कधीच देऊन टाकलं होतं, मीनलला.

मीनल त्यांची मैत्रीण. हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात दोन मुलगे. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भिंतींवर काळी बुरशी आणि धाकट्याच्या उशाशी कायम इनहेलर. किती वर्षं तरी ती कौन्सिलच्या वेटिंग लिस्टवर होती. विहाराच्या कार्यक्रमात भेटली की धम्मशीला तिला हळूच म्हणायच्या, ‘‘अगं, आमच्या समोरचं अजून रिकामंच आहे बरं का. तुझा नंबर लागला ना, की रोज संध्याकाळचा चहा माझ्याकडे.’’

एप्रिलमध्ये त्या घराला रंग लागला. नवा कुकर आला, पलंग आले. धम्मशीला खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. मग एका दुपारी पांढरी व्हॅन येऊन थांबली. त्यातून डोक्यावरून ओढणी घेतलेली एक किडकिडीत बाई उतरली, तिच्यामागे तीन मुलं. आणि त्यांच्याबरोबर, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, धम्मशीलांची स्वतःची मुलगी ईशिता उतरली.

ईशिता निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत केसवर्कर होती. तशी ती काम घरी आणायची नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी आईकडे डोकावली तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

‘‘आई, ते रोहिंग्या फॅमिली आहे. बांगलादेशमधून, कॉक्स बझारच्या कॅम्पमधून आले. सेनुआरा नाव आहे तिचा. इतकी वर्षं बांबूच्या झोपडीत, प्लास्टिकच्या खाली. आणि आज तिने घराची चावी हातात घेतला आणि माहितीये काय केलं? दार उघडून परत लावलं. मग परत उघडलं. मग परत लावलं.’’

‘‘चावी घेतली,’’ धम्मशीला म्हणाल्या. ‘‘घेतला नाही.’’

‘‘हां, तेच.’’

‘‘आणि मीनलचं काय?’’

ईशिताने समजावून सांगायचा प्रयत्न केला. या कुटुंबाला सरकारच्या रिसेटलमेंट स्कीममधून आणलंय, त्यांच्या घरांचा हिशोब वेगळा, मीनलचं घर काढून त्यांना दिलेलं नाही. धम्मशीलांनी ऐकून घेतलं. हिशोब वेगळा असेल. घर मात्र एकच होतं आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

मीनलला त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मीनल म्हणाली, ‘‘ताई, मला पण आगीतून पळून यायला हवं होतं, नाही का?’’ आणि लगेच, ‘‘नको, असं बोलू नये मी.’’ दोघींनीही विषय बदलला.

धम्मशीला तायडे म्हणजे काही दुष्ट बाई नव्हे. पिंपरीत कामगारांच्या चाळीत वाढलेल्या. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली, ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की आपणच त्या मैदानात उभ्या होतो असं त्यांना वाटायचं. नवरा सुहास आयटीतले. त्यांच्या नोकरीपायी या राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकांच्या, गावात आल्या, तेव्हा ईशिता पोटात होती. इथे त्यांना कुणी किल्ली आणून दिली नाही. भाड्याच्या खोलीत हीटर पुरवून पुरवून वापरला, इंग्रजी सुधारली, आणि डेंटिस्टकडे रिसेप्शनला लागल्या त्या आजतागायत. विहाराच्या कुठल्याही कार्यक्रमाचं जेवण त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. सगळ्यांना लागणारी बाई, अशी त्यांची स्वतःबद्दलची कल्पना होती आणि ती खरीही होती.

म्हणूनच पुढचे महिने त्यांना जड गेले.

आधी गेले सुहास. म्हणजे रस्ता ओलांडून गेले. सेनुआराच्या मुलांना जवळच्या शाळेत जागा मिळाली नाही, वर्ग भरलेले. जागा मिळाली ती पाच-सहा राउंडअबाउट पलीकडच्या शाळेत, आणि तिकडे थेट बस नाही. सुहास नुकतेच अर्धवेळ झाले होते. ‘‘मी सोडतो की सकाळी,’’ ते म्हणाले. मग त्यांनी तिथला बॉयलर कसा लावायचा ते खुणांनी दाखवलं. पडदे लावून दिले. ज्या माणसाने घरातला बल्ब बदलायला तीन वेळा आठवण करून घेतली, तो समोरच्या घरात ड्रिल मशीन घेऊन जाताना दिसला तेव्हा धम्मशीलांच्या हातातली कोथिंबीर नको तेवढी बारीक चिरली गेली.

‘‘अहो, आपल्या बाथरूमचं शेल्फ?’’

‘‘करतो गं. तिच्या घरात लहान मुलं आहेत, शीला.’’

‘‘आपल्याही घरात होती. तेव्हा कुठे होतं ड्रिल?’’

सुहास हसले. त्यांना वाटलं, बायको विनोद करतेय.

मग ईशिता. रविवारचं जेवण हा मायलेकींचा नेम होता. ईशिताला स्वतःचा फ्लॅट घेऊन काही वर्षं झाली होती, पण रविवारी ती यायची, भाकरी आणि लसणाची चटणी खायची, सोफ्यावर आडवी व्हायची. आता तिची गाडी गल्लीत शिरायची आणि समोर थांबायची. ‘‘फक्त टेन मिनिट्स, आई.’’ भाकऱ्या फडक्यात गुंडाळून धम्मशीला खिडकीत उभ्या राहायच्या. समोरच्या स्वयंपाकघरात ईशिता ओट्याला टेकून हसताना दिसायची. कशाला एवढं हसते? घरी तर फोनमध्ये डोकं घालून बसते.

एका रविवारी ती आली आणि नळ सोडत म्हणाली, ‘‘आई, पाण्याला ते लोक फानी म्हणतात. फा-नी. आणि भाताला भातच म्हणतात!’’

‘‘भाताला भात म्हणतात, मग त्यात शिकायचं काय?’’

‘‘नाही, पण मी प्रॉपरली शिकतेय. एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे मी. लिहायची पद्धत पण अजून सेटल नाहीये त्यांची, म्हणून ऐकूनच शिकायला लागतो. बुबूने मला कालच—’’

‘‘बुबू कोण?’’

‘‘सेनुआरा. मोठ्या बहिणीला म्हणतात.’’

धम्मशीला ताटात वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. या मुलीला मराठी शिकवायचं म्हणून त्यांनी काय काय केलं होतं. शनिवारचे वर्ग, पिंपरीहून मागवलेली पुस्तकं, आजीशी फोन. बारा वर्षांची झाल्यावर ईशिता म्हणाली होती, ‘‘आय डोन्ट नीड इट, आई,’’ आणि वर्ग सुटले ते सुटलेच. तीच ईशिता आता कानाला हेडफोन लावून बुबूची भाषा घोकत होती. आणि शिकली, तीही बहीण म्हणायला.

‘‘ही आमटी घे,’’ त्या एवढंच म्हणाल्या.

‘‘तुझा आमटी बेस्ट असतो, आई.’’

‘‘तुझी. आमटी ती असते. ती!’’ धम्मशीलांचा आवाज एवढा चढला की सुहासांनी पेपरातून डोकं वर काढलं.

मेच्या शेवटी ईशिता एकदा आठवड्याच्या मधल्या वारीच आली आणि बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘आई, एक विचारू? रागवू नको. विंडोमधला बुद्ध आहे ना, तो जरा आत ठेवशील का?’’

खिडकीच्या कट्ट्यावर हातभर उंचीची पांढरी मूर्ती होती. शेजारी बाबासाहेबांची तसबीर.

‘‘का?’’

‘‘बुबू आपल्या घरासमोरून जाताना रस्ता क्रॉस करते. मुलांचा हात धरून, मान खाली घालून, फास्ट. मी नोटिस केलं. इंटरप्रिटरकडून विचारलं तर ती काही नीट बोलत नाही. पण मला कळतं ना. तिचं गाव ज्यांनी जाळलं ते बुद्धिस्ट होते, आई. सोल्जर्स पण, आणि गावातले लोक पण.’’

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते धम्मशीलांना त्या क्षणी कळलं. ‘‘माझ्या घरातला बुद्ध मी लपवू? ज्याच्यामुळे आपण माणसं झालो? आमच्या आजोबांना गावात पाणी मिळत नव्हतं, ईशिता. त्यांनी कुणाचं गाव जाळलं नाही. बर्मातल्या लोकांनी काय केलं ते त्यांना विचार!’’

‘‘मी ते म्हणतच नाहीये—’’

‘‘घर दिलं. नवरा दिला ड्रायव्हर म्हणून. मुलगी दिली. आता बुद्धही द्यायचा का?’’

‘‘मुलगी दिली? आई, मी इथेच आहे.’’

मूर्ती हलली नाही. उलट दुसऱ्या दिवशी धम्मशीलांनी ती पुसून थोडी आणखी पुढे, काचेला लागेल अशी ठेवली. आता त्यांच्या रागाला एक चांगलं कारण मिळालं होतं, आणि त्या कारणाच्या आड बाकी सगळं व्यवस्थित मावत होतं.

जूनमध्ये सेनुआरा त्यांच्या डेंटिस्टकडे आली.

धम्मशीलांच्या कामाचा अर्धा भाग म्हणजे फोनवर नाही म्हणणं. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतले, नवे पेशंट घेणं त्यांच्या प्रॅक्टिसने कधीच बंद केलं होतं. मीनलच्या धाकट्यालाही त्यांनीच नाही म्हटलं होतं. आणि आता ईशिताच्या संस्थेने खटपट करून या मुलांची नावं घालून घेतली होती. सेनुआराच्या थोरल्या मुलीचा, शोफिकाचा, गाल सुजला होता. आठ वर्षांची पोर तळहाताने गाल दाबून खुर्चीत बसली होती. ईशिता त्या दिवशी ट्रेनिंगला होती.

इंटरप्रिटर फोनवर होता. त्याची बंगाली ढाक्याकडची, शुद्ध. सेनुआराची भाषा तिच्या जवळपासची, पण ती नव्हे. डॉक्टर सांगत होत्या, तो माणूस बोलत होता, आणि सेनुआरा प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. हो. हो. हो. निर्वासित माणूस अधिकाऱ्यासमोर जसं हो म्हणतो तसं. मग डेस्कसमोर उभी राहून ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, ‘‘रो मत. थोड़ा सबर कर. मैं है ना.’’

मोडकी का होईना, ती हिंदी होती. कॅम्पात सिनेमे बघून, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून आलेली असावी. धम्मशीलांना प्रत्येक शब्द कळला. त्यांना हेही कळलं होतं की बाईला काहीच उमगलेलं नाही: गोळ्या संपवायच्या आहेत, आणि शुक्रवारी परत यायचं आहे, दाढ वाचवायची तर शुक्रवार चुकवून चालणार नाही. एक वाक्य. ‘‘बहनजी, शुक्रवार को आना है.’’ एवढंच बोलायचं होतं.

त्यांनी अपॉइंटमेंटचं कार्ड पुढे सरकवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘फ्रायडे. टेन ओ’क्लॉक.’’ आणि पुढच्या पेशंटकडे पाहिलं.

शुक्रवारी कुणी आलं नाही. सुहासांना त्या तारखेचं कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्या घरात गप्प बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात शोफिका तापाने फणफणलेल्या अवस्थेत आली, आणि ती दाढ काढावी लागली. दुधाची नव्हे, कायमची. धम्मशीलांनी आतून पोरीचं रडणं ऐकलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जेवण केलं नाही, डोकं दुखतंय म्हणाल्या. पण कुणाला सांगितलंही नाही. आणि समोरच्या बाईबद्दलचा राग कमी होण्याऐवजी वाढला. आपल्या हातून जिचं वाईट झालं, तिचं तोंडही बघवेनासं होतं, तसा.

त्याच भरात त्या जुलैमध्ये गल्लीच्या रहिवाशांच्या मीटिंगला गेल्या. पार्किंग आणि कचऱ्याचे डबे हा विषय, पण बोलणं लगेच कोपऱ्यावरच्या घराकडे वळलं. जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही, डेंटिस्ट मिळत नाही, शाळा भरल्यात, आणि आमच्या पोरांना घर नाही. काही तक्रारी खऱ्याच होत्या. धम्मशीला उठल्या आणि म्हणाल्या की माझी मैत्रीण हॉस्पिटलात रात्रंदिवस राबते, तिची मुलं बुरशीत झोपतात, आणि ती कित्येक वर्षं वाट पाहतेय. मग आल्या आल्या घर कुणाला मिळतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचवीस वर्षांत त्या गल्लीतल्या लोकांनी त्यांच्यासाठी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना बरं वाटलं.

दोनच दिवसांनी ईशिताने त्यांच्यासमोर फोन धरला. गावातल्या कुठल्याशा फेसबुक ग्रुपवर कोपऱ्यावरच्या घराचा फोटो होता, दाराचा नंबर स्पष्ट दिसत होता, आणि खाली लिहिलं होतं, समोर राहणारी इंडियन बाईसुद्धा म्हणते की हे चुकीचं आहे. त्याखाली शंभरेक लोकांनी जे लिहिलं होतं ते ईशिताने वाचून दाखवलं नाही. धम्मशीलांनी स्वतः वाचलं.

‘‘तू म्हणालीस हे?’’

‘‘मी मीनलबद्दल बोलले. हे असलं नाही बोलले मी.’’

‘‘मीनलमावशीसाठी मी पण लढते आई, तुला माहितीये. पण तू मीनलमावशीसाठी नाही उठलीस.’’ ईशिताचं मराठी मोडकं, पण हे वाक्य तिने एकही चूक न करता म्हटलं. ‘‘तू जेलस आहेस. त्या बाईकडे काहीच नाहीये, आणि तू तिच्यावर जेलस आहेस.’’

ती निघून गेली. तीन रविवार आली नाही.

मग ऑगस्ट उजाडला. उत्तरेकडच्या एका गावात नुकताच लहान मुलींवर भयानक हल्ला झाला होता, मारणारा निर्वासित आहे अशी खोटीच अफवा पसरली, आणि गावोगावी दंगे सुरू झाले. निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलांना आगी लावण्यापर्यंत मजल गेली. एका बुधवारी, आज कुठे कुठे हल्ले होणार याच्या याद्या फोनमधून फिरू लागल्या. धम्मशीलांच्या प्रॅक्टिसने दुपारीच शटर ओढलं. सुहास कामासाठी लंडनला गेलेले. धम्मशीला रेडवेवरून चालत घरी निघाल्या, आणि अंडरपासपाशी सायकलवरच्या तीन जणांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. पोरंच होती. एक जण अगदी शांतपणे म्हणाला, ‘‘टाइम टू गो होम, लव्ह.’’ थुंकला, आणि गेले.

त्या घरी पोचल्या. किल्ली लागेना. फोन वाजला. ईशिता.

‘‘आई, घरी पोचलीस? ठीक आहेस?’’

‘‘हो, पोचले,’’ धम्मशीला म्हणाल्या. मुलीने आधी आपलं विचारलं होतं.

‘‘आई, ऐक. आमचं ऑफिस बंद केलं, मी दुसऱ्या फॅमिलीकडे अडकलेय. बुबू फोन उचलत नाहीये. त्या पोस्टमध्ये तिचा अ‍ॅड्रेस होता. प्लीज जाऊन बघ ना. मी तुला हे सांगायला नको, मला माहितीये. पण दुसरं कुणी नाहीये तिथे.’’

म्हणजे शेवटी तिच्यासाठीच फोन, असं एक जुनं काहीतरी छातीत वळवळलंच. पण त्या रस्ता ओलांडून गेल्या.

दार वाजवून उत्तर आलं नाही. पडदे ओढलेले. मग त्यांनी दारातल्या पत्रांच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाल्या, ‘‘सेनुआरा? दरवाज़ा खोलो. मैं सामने वाली. ईशिता की माँ.’’

मग कडी निघाली. बाई दारात उभी होती, पायात बूट, खांद्याला पिशवी. मागे जिन्यावर तिन्ही मुलं, तीही बूट घालून, कोट घालून, ऑगस्टमध्ये. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. अशा संध्याकाळी काय करायचं ते त्या मुलांना पाठ होतं.

सेनुआरा त्यांच्याकडे बघत होती. ‘‘आंटी,’’ ती म्हणाली, ‘‘आप हिंदी बोलता है?’’

जिन्यावरून शोफिका बघत होती. तोंड किंचित उघडं.

‘‘चलो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हमारे घर चलो. ये घर सबको मालूम है.’’

सगळे रस्ता ओलांडून आले. दारात पाऊल टाकताना धम्मशीलांना एकदम खिडकीतली मूर्ती आठवली. मुलं घाबरतील. त्या पुढे झाल्या, दोन्ही हातांनी मूर्ती उचलली आणि वर नेऊ लागल्या. जड होती. आणि मनही जड होतं. वाटत होतं, हरले.

‘‘आंटी, ये किधर लेके जाता है?’’

‘‘ऊपर. तुमको डर लगता है ना.’’

सेनुआराने मूर्तीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘‘इससे? नहीं. हमारा गाँव के पास भी था, बड़ा. बचपन में उधर आम का पेड़ के नीचे खेलता था.’’ ती थांबली. ‘‘जिन लोग ने आग लगाया, वो लोग हमारा पड़ोसी था. मूरत तो नहीं आया था.’’

‘‘तो फिर? रस्ता क्यों बदलती थी? ईशिता बोली—’’

सेनुआराने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. एवढ्या भीतीतही तिला थोडं हसू आलं असावं. ‘‘आपसे डर लगता था, आंटी. आप रोज़ खिड़की में खड़ा होके ऐसा देखता था.’’ आणि तिने भुवया आवळून दाखवल्या. धाकटी पोरं खुदकन हसली.

धम्मशीला मूर्ती हातात घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. इतके महिने ज्या रागाला त्यांनी बुद्धाच्या आड ठेवलं होतं, तो असा उघडा पडला, आणि तोही तीन लहान मुलांसमोर.

त्या संध्याकाळी गल्लीत काही झालं नाही. देशात बऱ्याच ठिकाणी झालं नाही. हल्लेखोरांपेक्षा त्यांना अडवायला उतरलेले लोकच जास्त निघाले. पण हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. पडदे ओढून सगळे स्वयंपाकघरात बसले. धम्मशीलांनी वरण-भात टाकला. मुलं जेवली, बूट मात्र कुणी काढले नाहीत.

‘‘सेनुआरा,’’ धम्मशीला म्हणाल्या. ‘‘उस दिन, डेंटिस्ट में. मुझे मालूम था तुमको समझा नहीं. मैं बोल सकती थी. नहीं बोली.’’

सेनुआराने ताटातून मान वर केली नाही. भात कालवत राहिली. धम्मशीलांना वाटलं, हिला शब्द कळले नाहीत की काय.

‘‘क्यों?’’ ती शेवटी म्हणाली.

‘‘मेरी बेटी. वो सारा टाइम तुम्हारे घर. मुझको जलन होती थी.’’

जलन हा शब्द सेनुआराला चांगला ठाऊक होता. तिने ताट बाजूला सारलं. मग मोडक्या हिंदीत, मध्येच आपल्या भाषेत घसरत, तिने जे सांगितलं ते असं: कॅम्पात तिची धाकटी बहीण आहे. दोघी एकाच झोपडीत राहायच्या. सेनुआरा विधवा, मुलं लहान, म्हणून तिचं नाव निवडलं गेलं. बहिणीला नवरा आहे, म्हणून नाही. निघताना बहीण निरोप द्यायला आली नाही. आजवर फोन उचलत नाही. तिकडे आता रेशनही कमी केलंय. एकदा मेसेज पाठवला होता तिने: तू काँक्रीटच्या घरात झोप. ‘‘वो मेरा बहन है. मेरे लिए जान देता था. अभी मेरा नाम नहीं लेता. जलन से.’’ आणि मग, डोळे पुसत, ‘‘और मैं आपको देखके जलता था. रविवार को ईशिता उठता था, बोलता था, माँ रास्ता देख रही है. मेरा माँ उधर मिट्टी में है. मैं सोचता था, ये बुढ़िया के पास सब है, तब भी मुँह ऐसा क्यों?’’

‘‘बुढ़िया?’’ धम्मशीला म्हणाल्या.

दोघींना हसावं की रडावं ते कळेना. माफ केलं असं सेनुआरा म्हणाली नाही. पोरीची दाढ परत येणार नव्हती, आणि ते विसरायला ती आली नव्हती. तिने उठून ताटं धुवायला घेतली, आणि धम्मशीलांनी तिला धुऊ दिली.

उजेड असतानाच ईशिता पोचली. धावत आत आली, पाहते तर तिची बुबू ओट्याशी, आई टेबलाशी, आणि दोघी हिंदीत भांडल्यासारख्या आवाजात काहीतरी बोलतायत. ‘‘तुम्ही दोघी बोलता?’’ ती म्हणाली. तिला हिंदी येत नव्हती. कुणी तिला भाषांतर करून सांगितलं नाही, आणि तिचा चेहरा जरासा पडला, तो धम्मशीलांच्या नजरेतून सुटला नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. मीनलला कोपऱ्यावरचं घर मिळायचं नव्हतंच. ईशिता आणि धम्मशीलांनी मिळून तिच्या बुरशीचा पाठपुरावा केला तेव्हा कुठे भिंती खरवडून रंगवल्या गेल्या. फ्लॅट तोच राहिला. मीनल आता चहाला कमी येते. एकदा फोनवर म्हणाली, ‘‘ताई, तुम्हाला आता नवी मैत्रीण मिळाली,’’ आणि धम्मशीलांना त्या आवाजाची जात लगेच ओळखू आली. त्या दर गुरुवारी स्वतःच तिच्याकडे जातात. डेंटिस्टकडे फोनवर हिंदी, उर्दू बोलायला आता त्यांना बोलावतात. डॉक्टरांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की मला येतं, आणि पहिल्या वेळी का गप्प बसले तेही सांगितलं. ईशिताला संस्थेने दुसऱ्या गावात नवं कुटुंब दिलं. रविवारी ती पुन्हा सरळ आईकडे येते. तिथे सेनुआराची थोरली कोळंबी सोलत बसलेली असते, तेव्हा ईशिता कधीकधी विचारते, ‘‘आज फक्त आपण नाही का?’’

डिसेंबरात एका दुपारी धम्मशीला समोरच्या घरात बसल्या होत्या. सेनुआराचा फोन वाजला. तिने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि हात ओला असतानाच उचलला. पलीकडून एक तिखट, घाईचा बायकी आवाज सुरू झाला तो थांबेचना. धम्मशीलांना त्यातलं ‘भात’ सोडून काही कळलं नाही, पण ओरडणं कळत होतं. कोंबड्यांचा आवाज येत होता, मागे कुणाचं मूल रडत होतं. सेनुआरा मध्ये एक शब्दही बोलली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

‘‘क्या बोल रही है?’’ धम्मशीलांनी खुणेने विचारलं.

सेनुआराने फोन तळहाताने झाकला. ‘‘बोलता है, मैं मोटा हो गया. बोलता है, सब अकेला खाया. बोलता है, मेरा शकल नहीं देखना. फिर वीडियो चालू करने को बोलता है.’’

धम्मशीला उठल्या, कपाटाला टेकवून तिचा फोन सरळ उभा करून दिला, आणि दोघी बहिणींना भांडू देण्यासाठी आपला कोट घेऊन बाहेर पडल्या.